मार्फत : एका बदलत्या पत्त्याचा इतिहास

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या त्या काळी गाजलेल्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर कोणीतरी टाकला होता. तपासात त्या मजकुरामागचा आयपी पत्ता हाती आला. पोलिसांनी तो इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दाखवून हा कोणाचा, असे विचारले. कंपनीने वही उघडली आणि या तरुणाचे नाव सांगितले. त्याने ५० दिवस तुरुंगात काढले, येरवड्यात. मग लक्षात आले की त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पुढे मानवी हक्क आयोगाने त्याला दोन लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला.

हे घडले कसे? नंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे घोळ वेळेचा होता. मजकूर सव्वा वाजता टाकला गेला होता. पण दुपारचा सव्वा की मध्यरात्रीनंतरचा, हे माहिती मागताना नीट नमूद झाले नव्हते. पत्ता तोच होता. बारा तासांच्या अंतराने त्या पत्त्यावर माणूस मात्र दुसरा होता.

मी पेशाने हिशेबनीस. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे काही शिकलो ते वाचून आणि विचारून. हिशेबाच्या धंद्यात व्हाउचरवर तारीख नसेल तर ते व्हाउचर रद्दी समजतात. त्यामुळे ही बातमी वाचली तेव्हा मला पडलेला प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हता, नोंदवहीचा होता. जो पत्ता दिवसातून दोनदा माणूस बदलतो त्याला पत्ता म्हणायचे तरी कसे? आणि तो असा बदलता झाला कधी, कोणाच्या सोयीसाठी? आज व्हीपीएन वापरून पत्ता बदलता येतो हे कॉलेजातल्या पोरापोरींनाही ठाऊक आहे. पण पत्ता बदलण्याची ही चाल व्हीपीएनने आणलेली नाही. तिचा इतिहास जुना आहे, आणि त्याची सुरुवात लपण्यापासून होत नाही, टंचाईपासून होते.

कायमचा पत्ता

इंटरनेटच्या जडणघडणीचे दस्तऐवज ‘आरएफसी’ या नावाने ओळखले जातात. साध्या टंकलिखित मजकुरासारखे दिसणारे हे कागद कोणालाही फुकट वाचता येतात. माझ्यासारख्या घरबसल्या अभ्यासकाला याहून चांगले दफ्तरखाने मिळणे कठीण. त्यातला सप्टेंबर १९८१ चा ७९१ क्रमांकाचा कागद आयपी पत्त्याचा जन्मदाखला मानता येईल. पत्ता ३२ बिटांचा असेल असे त्यात ठरलेले आहे. ३२ बिटांत मावणारे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४३० कोटी. विंट सर्फ यांनी पुढे सांगितले की, १९७७ साली हा आकडा निवडताना हे सारे एका प्रयोगासाठी आहे, तेवढ्याला पुरेल, असा त्यांचा समज होता. प्रयोग काही संपला नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्याने हीच पद्धत अंगीकारली आणि आपण आजही तिच्यातच राहतो.

त्या काळी पत्ता म्हणजे घरावरची पाटी होती. एकदा लावली की हलायची नाही. कोणाला कोणते क्रमांक दिले याची नोंद जॉन पोस्टेल हा दाढीवाला संशोधक ठेवत असे. सुरुवातीला तर चक्क एका वहीत. १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते एमआयटी या विद्यापीठाला मिळाले, १९ चे फोर्ड मोटारला, १७ चे पुढे अ‍ॅपलला. असा एकेक गट १ कोटी ६७ लाखांवर पत्त्यांचा. जमीन मुबलक आणि माणसे थोडी, असा तो वसाहतीचा काळ होता. पोस्टेल ऑक्टोबर १९९८ मध्ये वारले तेव्हा सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेखही आरएफसी म्हणूनच, २४६८ या क्रमांकाने, दप्तरात दाखल झाला. इंटरनेटचा पहिला नोंदणीकार आपल्याच नोंदवहीत जमा झाला.

पाटी कायमची होती तोवर वेळेला महत्त्व नव्हते. १८ चा पत्ता सकाळीही एमआयटीचा आणि रात्रीही एमआयटीचाच.

गाळ्यातली वळकटी

नव्वदच्या दशकात गर्दी झाली. दूरध्वनीवरून इंटरनेटला जोडून घेणारी माणसे आली. ती तासभर येत आणि जात; प्रत्येकाला कायमचा पत्ता देणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी खोली अडवून ठेवणे. ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने १५३१ क्रमांकाचा कागद निघाला. डीएचसीपी या पद्धतीची ती पहिली मांडणी. यंत्र जाळ्यात शिरले की पत्ता मागते. तो त्याला ठरावीक मुदतीसाठी मिळतो. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही की पत्ता परत ढिगात जातो. या व्यवहाराला त्या कागदात वापरलेला शब्दच भाडेपट्ट्याचा आहे. मालकी संपली आणि भाडेकरार सुरू झाला, तो इथे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मोडेमचा तो किरकिरा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना आठवेल, की लाइन तुटायची आणि पुन्हा फोन लावावा लागायचा. प्रत्येक यशस्वी फोनबरोबर बहुधा नवा पत्ता मिळत असे. म्हणजे आज ज्यासाठी लोक पैसे मोजतात तो ‘बदलता आयपी’ आपल्याला तेव्हा वैतागाबरोबर फुकट मिळत होता. कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

या व्यवस्थेला आपल्याकडचीच उपमा शोभते. गिरणगावातल्या गाळ्यांत एकेका खोलीत वीस-वीस कामगार राहत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी वळकटी पसरायचा. जागा एक, झोपणारे दोन. ‘या कोपऱ्यात कोण झोपतो?’ या प्रश्नाला तिथे उत्तरच नव्हते; ‘किती वाजता?’ हे आधी विचारावे लागे. २००७ च्या त्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न नीट विचारला गेला नाही.

पत्त्यांची टंचाई त्यानेही भागली नाही. मे १९९४ च्या १६३१ क्रमांकाच्या कागदात नॅट नावाची युक्ती आली. घरातल्या किंवा कार्यालयातल्या अनेक यंत्रांनी आपापसांत खासगी क्रमांक वापरायचे आणि बाहेर पडताना सगळ्यांनी एकच सार्वजनिक पत्ता लावायचा. दारावरचे यंत्र कोणाचे काय बाहेर गेले हे ‘पोर्ट’ नावाच्या उपक्रमांकावरून लक्षात ठेवते आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचवते. युक्ती काढणाऱ्यांनीच तिला तात्पुरता उपाय म्हटले होते. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचे आपल्याकडे जे होते तेच तिचेही झाले.

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट जगातल्या पाच विभागीय संस्थांना वाटून मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. त्यानंतर कंपन्यांनी नॅट आपल्या पातळीवरच बसवले आणि एका पत्त्यामागे शेकडो अनोळखी ग्राहक नांदू लागले. जून २०११ च्या ६३०२ क्रमांकाच्या कागदाने संकेतस्थळे चालवणाऱ्यांना सांगितले की, नुसता पत्ता नोंदवून भागणार नाही. पोर्ट नोंदवा, आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक लिहा. शक्यतो जागतिक प्रमाणवेळ वापरा, असाही सल्ला आहे. तिच्यात आणि आपल्या घड्याळात साडेपाच तासांचे अंतर आहे. दुपार आणि मध्यरात्र यांच्या घोळाने एक माणूस ५० दिवस आत जातो, तिथे साडेपाच तासांत काय होईल, हे वाचकांनीच ताडावे.

व्हीपीएन : सी/ओ अमुक

आता व्हीपीएन. ‘आभासी खासगी जाळे’ असे त्याचे भाषांतर करता येईल. त्याचाही जन्म लपण्यासाठी झालेला नाही. मोठ्या कंपन्या आपल्या दोन शहरांतली कार्यालये जोडण्यासाठी दूरध्वनी कंपन्यांकडून स्वतंत्र तारा भाड्याने घेत. हे फार महाग पडे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी पीपीटीपी ही पद्धत पुढे आणली. तिच्या निर्मात्यांत गुरदीपसिंग पाल या भारतीय वंशाच्या अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. सार्वजनिक इंटरनेटमधूनच एक बंदिस्त बोगदा काढायचा आणि घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयात बसल्यासारखे करायचे, हा तिचा उद्देश. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, जेम्स योनन यांनी ओपनव्हीपीएन लिहिले. मध्य आशियात भटकताना कार्यालयाशी संपर्क साधायला त्यांना अनोळखी देशांतल्या इंटरनेट कंपन्यांवर विसंबावे लागे, आणि वाटेत कोण डोकावत असेल याची धास्ती वाटे. त्या धास्तीतून ते जन्मले.

पत्ता बदलणे हा या बोगद्याचा दुय्यम परिणाम. माझे पाकीट दुसऱ्या एका पाकिटात बंद होऊन व्हीपीएनच्या सर्व्हरकडे जाते. तो बाहेरचे पाकीट फोडतो, आतल्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता घालतो आणि पुढे धाडतो. उत्तर त्याच्याकडे येते. तो ते मला पोचवतो. आपल्याकडे चाळीतल्या भाडेकरूच्या पत्रावर घरमालकाचे नाव आणि ‘यांच्या मार्फत’ असे लिहिलेले असायचे. व्हीपीएन म्हणजे तो ‘मार्फत’. फरक इतकाच, की पाकिटावर मालकाचेच नाव दिसते, भाडेकरूचे दिसत नाही.

मी स्वतः काही आठवडे हे वापरून पाहिले आणि हिशेबनिसाच्या सवयीने प्रत्येक जोडणीची वेळ आणि दिसलेला पत्ता वहीत उतरवत गेलो. शहर बदलले की पत्ता पूर्ण बदलतो, यात नवल नाही. पण तेच शहर निवडून जोडणी तोडली आणि पुन्हा केली, की कधी फक्त शेवटचा आकडा बदले, कधी मागचाच पत्ता परत येई. कारण उघड आहे. एका शहरात कंपनीचे काही सर्व्हर असतात, प्रत्येकाकडे मोजके पत्ते असतात आणि तेच फिरवून फिरवून असंख्य ग्राहकांना दिले जातात. काही कंपन्या ठरावीक वेळाने पत्ता आपोआप बदलण्याची सोय देतात. तीही याच ढिगातून. म्हणून एखादे संकेतस्थळ ‘तुम्ही माणूसच आहात ना?’ असे विचारत चित्रे ओळखायला लावते किंवा बँक व्यवहार अडवते. त्याच पत्त्यावरून आधी कोणीतरी उपद्व्याप करून गेलेला असतो. गाळ्यातल्या वळकटीला आधीच्या माणसाच्या विडीचा वास असायचाच.

आणि पत्ता बदलला म्हणून माणूस बदलत नाही. ईमेल उघडले की नाव आपणच सांगितले. ब्राउझरची ठेवण, अक्षरसाचे, पडद्याचा आकार यांच्या एकत्र खुणेवरूनही यंत्र ओळखू येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांच्या नमुन्यावर केलेल्या अभ्यासात ८३.६ टक्के ब्राउझरांची खूण इतर कोणाशीही जुळत नव्हती.

वही कोणाकडे?

या साऱ्या इतिहासात मला एक सूत्र दिसते. पत्ता जितका बदलता झाला तितकी नोंदवही महत्त्वाची झाली. पोस्टेल यांची वही सर्वांपुढे उघडी होती. भाडेपट्ट्याची वही इंटरनेट कंपनीच्या कपाटात गेली. व्हीपीएनने ती वही नाहीशी केली नाही. दुसऱ्या कपाटात हलवली. माझी इंटरनेट कंपनी आता एवढेच पाहते की मी एका व्हीपीएनशी बोलतो. मी कुठे गेलो हे तिला कळत नाही. ते व्हीपीएनवाल्याला कळू शकते. विश्वासाचे माणूस बदलले, विश्वासाची गरज तशीच राहिली.

२०११ मध्ये सोनी पिक्चर्सच्या संकेतस्थळावर झालेल्या हल्ल्याच्या तपासात ब्रिटनमधल्या एका व्हीपीएन कंपनीने न्यायालयाच्या आदेशावरून आपल्या नोंदी दिल्या आणि एक आरोपी सापडला. ही कंपनी ग्राहक काय पाहतो ते लिहून ठेवत नव्हती. कोण किती वाजता जोडला गेला आणि किती वाजता सुटला, एवढेच लिहीत होती. तेवढे पुरले. उलट उदाहरण तुर्कस्तानचे आहे. रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची डिसेंबर २०१६ मध्ये अंकारात हत्या झाली. तपासयंत्रणेने एक्स्प्रेसव्हीपीएन या कंपनीचा सर्व्हर जप्त केला, पण त्यात नोंदीच नव्हत्या. हाती काही लागले नाही. एका ठिकाणी वहीने गुन्हेगार दिला, दुसऱ्या ठिकाणी कोऱ्या वहीने खुनाचा धागा तोडला. कोरी वही म्हणजे स्वातंत्र्य आणि भरलेली म्हणजे जुलूम, इतके हे सोपे नाही.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश या पार्श्वभूमीवर वाचावेत. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे खरे नाव, पत्ता, फोन, सेवा घेण्याचे कारण आणि त्याला दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत, असे त्यात होते. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळल्याचा खुलासा पुढे झाला. लॉजमध्ये उतरणाऱ्याने रजिस्टरात नाव लिहावे, तसाच हा नियम. त्याच निर्देशांत सर्वांनी आपली घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून घ्यावीत, असेही एक कलम आहे. बातम्यांत त्याची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटले. येरवड्याचे ५० दिवस त्या कलमाच्या मागे उभे आहेत असे वाटले.

परिणाम काय झाला? एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. ज्यांना भारतीय पत्ता हवा त्यांच्यासाठी एक्स्प्रेसव्हीपीएनने सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये ठेवलेल्या यंत्रांवरून भारतीय म्हणून नोंदलेले पत्ते देण्याची व्यवस्था केली. म्हणजे पत्ता भारतातला, यंत्र परदेशातले आणि नियमापुरती वही कुठेच नाही.

शेतात उभा राहिलेला संशय

पत्ता आणि जागा यांची ही फारकत कुठवर जाते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीला ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ याहून अधिक माहिती नव्हती, त्यांच्यासाठी तिने देशाच्या मध्याजवळचा ३८ अक्षांश, ९७ रेखांश हा गोल आकडा धरला. तो बिंदू कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर पडला. २०१६ मध्ये ही गोष्ट उघड झाली तेव्हा ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका शेताच्या नावावर होते. वर्षानुवर्षे पोलीस, वसुलीवाले, फसवले गेलेले लोक त्या शेतकऱ्यांच्या दारात येऊन थडकत होते. कंपनीने शेवटी तो बिंदू उचलून एका तळ्यात नेऊन टाकला.

‘माहीत नाही’ असे लिहायला त्या वहीत रकाना नव्हता, हे या गोष्टीतले खरे दुखणे. हिशेबात न जुळणारी रक्कम ‘उचंती’ खात्यावर लिहितात; ती कोणाच्या तरी नावे टाकून मोकळे होत नाहीत. तळे म्हणजे मॅक्समाइंडचे उचंती खाते म्हणायचे. ते उघडायला बरीच वर्षे लागली.

वही फाडण्याचे प्रयोग

वही एकाच हाती राहू नये, असा विचार करणारेही होते. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच, म्हणजे आयपी पत्ता जन्मला त्याच वर्षी, निरोप अनेक मध्यस्थांमधून फिरवून पाठवणाऱ्याचा माग पुसण्याची कल्पना मांडली होती. पुढे नव्वदच्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तिचा विस्तार झाला आणि २००२ पासून ती टॉर या नावाने सर्वांसाठी खुली झाली. टॉरमध्ये निरोप तीन अनोळखी यंत्रांतून जातो. पहिल्याला पाठवणारा माहीत, शेवटच्याला ठिकाण माहीत, मधल्याला दोन्ही माहीत नाही. आणि नव्या जोडण्यांसाठी साधारण दर दहा मिनिटांनी वाट बदलते. वहीची पाने तीन गावांत वाटून टाकावीत तसे हे. नव्या, १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांत तर टंचाई उरलीच नाही. तरीही जानेवारी २००१ च्या ३०४१ क्रमांकाच्या कागदाने यंत्राने आपला पत्ता अधूनमधून बदलत राहावा अशी पद्धत सांगितली. कायमची पाटी परत लावणे शक्य झाले, तेव्हा ती लावू नये असे अभियंत्यांनाच वाटले. टंचाईने सुरू झालेली सवय काही वर्षांतच हक्काच्या जाणिवेपर्यंत आली.

हे सारे दप्तर चाळल्यावर माझ्यापुरता निष्कर्ष असा. आयपी पत्ता हा माणसाचा पुरावा नाही. तो पुराव्याकडे नेणाऱ्या नोंदीचा अनुक्रमांक आहे. वेळ, पोर्ट आणि वही धरणाऱ्याचा प्रामाणिकपणा हे तीन रकाने भरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. व्हीपीएनने पत्ता बदलणाऱ्याने ती वही आता कोणाच्या कपाटात आहे हे विचारावे. आणि पत्त्यावरून माणूस शोधणाऱ्याने कोणाचे दार ठोठावण्याआधी एवढेच विचारावे : सव्वा वाजता, पण कोणत्या सव्वा वाजता?